आधी तसबीर, मग तान: ‘संशयकल्लोळ’ बसवणाऱ्या हौशी नाट्यसंस्थांना खुले पत्र

हौशी नाट्यसंस्थांच्या कार्यकारिणी सदस्यांना, दिग्दर्शकांना आणि कलावंतांना,

सप्रेम नमस्कार.

संस्थेच्या वर्धापनदिनासाठी असो की राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी, जुनं विनोदी संगीत नाटक करायचं म्हटलं की गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चं नाव हटकून निघतं. ते निघायलाच हवं. पण त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न येतो: नायक आश्विनशेठ कोण गाणार? मग त्याची प्रेयसी रेवती कोण गाणार? गाणारे मिळाले की नाटक निम्मं बसलं असं धरलं जातं. तालमीचा पहिला महिना पदांवर, म्हणजे नाटकातल्या गाण्यांवर जातो, गद्य मागे राहतं, आणि हातात घ्यायच्या वस्तू शेवटच्या चार दिवसांत येतात. प्रयोगाला पदांवर टाळ्या पडतात, पण हशा तुरळक येतो. ‘आजच्या प्रेक्षकाला जुना विनोद कळत नाही’ असं म्हणून मग सगळे मोकळे होतात.

आमचं स्पष्ट मत आहे की विनोद जुना झालेला नाही. तो बसवलेलाच नसतो. म्हणून हे पत्र.

या नाटकाचा इतिहासच आमची बाजू घेतो. देवलांनी हे कथानक आधी गद्यात केलं. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे ते १८९३ सालचं नाटक. त्याचा आधार आर्थर मर्फीची १७६१ची इंग्रजी कॉमेडी, आणि मर्फीच्या मागे मोलिएर. पदं घालून त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं आणि गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६मध्ये रंगभूमीवर आणलं. म्हणजे गाण्यांशिवाय उभं राहणारं नाटक आधी तयार होतं, गाणी त्यावर चढली. शिवाय देवल नुसते लेखक नव्हते, किर्लोस्कर नाटक मंडळीत तालमी घेणारे मास्तर होते. वाक्य कुठे तोडायचं, कोणी कधी वळून पाहायचं, याचा हिशेब त्यांनी लिहितानाच केलेला दिसतो. तो हिशेब तालमीत पुन्हा मांडावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

या नाटकात प्रत्येक गैरसमजाला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. कोणी खोटं बोलून कुणाचं मन कलुषित करत नाही. प्रत्येकाला काहीतरी खरंच दिसतं, पण अर्धं दिसतं. उरलेलं अर्धं फक्त प्रेक्षकाला दिसत असतं, आणि हशा त्या अर्ध्यातून येतो. तेव्हा दिग्दर्शकानं पहिल्या आठवड्यात कागदावर एवढंच लिहावं: कोणाला काय दिसलं, कुठून दिसलं, आणि त्याला काय दिसलं नाही. हा कागद तयार होईपर्यंत ब्लॉकिंगला, म्हणजे कोण कुठे उभं राहणार हे ठरवायला, हात घालू नये.

रेवतीला भोवळ येते तो प्रवेश घ्या. पुढचं सगळं नाटक त्यातून निघतं. रस्त्यात ती कोसळते, संशयी स्वभावाचा फाल्गुनराव तिला सावरतो, आणि त्याची तितकीच संशयी बायको कृत्तिका ते खिडकीतून पाहते. प्रेक्षकाला फाल्गुनरावाचा गोंधळलेला, मदत शोधणारा चेहरा दिसायला हवा. कृत्तिकेला मात्र फक्त त्याची पाठ आणि त्याच्या हातांत विसावलेली बाई दिसायला हवी. हे साधायचं तर फाल्गुनरावाचं तोंड प्रेक्षकांकडे, किंचित तिरकं, आणि खिडकी त्याच्या मागे हवी. ती एका बाजूच्या विंगेलगत दोन ते अडीच फुटांच्या लेव्हलवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर, घ्यावी. आपल्याकडे बऱ्याचदा नेमकं उलटं होतं. खिडकी पुढच्या बाजूला घेतात, कृत्तिका प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते आणि तिचा चेहरा कुणालाच दिसत नाही. मग तो राग पुढच्या प्रवेशात संवादातून समजावून सांगावा लागतो.

खिडकीला पूर्ण भिंत देऊ नका, नुसती चौकट पुरते. भिंत घातली की एका कोपऱ्यातल्या खुर्च्यांना रस्ता दिसेनासा होतो. चौकटीची खालची कड लेव्हलपासून तीन फुटांवर ठेवली तर कृत्तिकेचे हात दिसतात, आणि त्या क्षणी तिचे हात चेहऱ्याइतकंच बोलतात. ही खिडकी प्रेक्षकांनी आधी एकदा उघडताना पाहिलेली असू द्या, नाहीतर ऐन वेळी ‘ही बाई कुठून आली’ हे समजण्यात हशा वाया जातो. तिच्यावर स्वतंत्र, मंद प्रकाश हवा आणि तो तिनं पाहायला सुरुवात केल्यावर यावा. आधी आला तर प्रेक्षक रेवतीला सोडून खिडकीकडे बघत बसतो.

भोवळ येणं हे अंगाचं काम आहे, त्याची तालीम वेगळी घ्या. गुडघे आधी सैल, मग कंबर, मग खांदे. एकदम मागे पडायचं नाही. फाल्गुनराव तिच्या मागे थोडा बाजूला, एक पाय पुढे टाकून उभा असावा. हात तिच्या काखेखाली आणि भार आपल्या मांडीवर. कंबरेला धरलं तर तिचा तोल जातो, नऊवारीच्या निऱ्या ओढल्या जातात आणि दृश्यही भलतंच दिसतं. हे धरणं आठ ते दहा सेकंद चालावं. त्याहून कमी असेल तर कृत्तिकेचा संशय वेडगळ वाटतो. त्याहून लांबलं तर फाल्गुनरावच खरोखर चळलेला वाटतो आणि पुढच्या सगळ्या प्रवेशांचा पाया जातो. एवढ्या वेळात त्याच्या नजरेनं तीन जागी जायला हवं: तिच्या चेहऱ्याकडे, रस्त्याच्या एका टोकाकडे, दुसऱ्या टोकाकडे. वर, खिडकीकडे, एकदाही नाही.

आता तसबीर. आश्विनशेठची ही तसबीर रेवतीच्या हातून रस्त्यात पडते, ती कृत्तिकेला सापडते, ती निरखून पाहत असताना फाल्गुनराव तिला पकडतो, आणि पुढे ज्याची तसबीर त्याच्याच मनात रेवतीविषयी विष कालवायला तीच कारण होते. नाटकातलं सगळ्यात कष्टाळू पात्र हेच आहे. तरीही आदल्या दिवशी कुणीतरी घरातली फ्रेम उचलून आणतो. त्यात कधी भलत्याच माणसाचा फोटो असतो, तर कधी कोरा पुठ्ठा.

तसबीर साधारण सहा इंच बाय आठ इंचांची करा. याहून लहान असेल तर दहाव्या रांगेच्या मागे ती दिसत नाही, मोठी असेल तर रेवती ती जवळ बाळगते यावर विश्वास बसत नाही. फोटो आश्विनशेठ करणाऱ्या नटाचाच, आणि प्रयोगातल्याच पोशाखात, पगडीसह काढलेला असावा. त्यामुळे वेशभूषा महिनाभर आधी ठरते, हा आणखी एक फायदा. काच काढून टाका, कारण स्पॉटचा झोत काचेवरून थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो आणि पडल्यावर काच फुटली तर त्याच जागी पुढे अनवाणी पात्रं वावरणार असतात. फ्रेम लाकडी, हलकी, आणि मागची बाजू गडद लाल किंवा सोनेरी रंगवलेली असावी. तसबीर पालथी असली तरी ‘ती इथे पडली आहे’ हे शेवटच्या रांगेला कळायला हवं. पडल्याचा आवाज यावा म्हणून खालच्या कडेला जाडसर पट्टी ठोकावी. निसटून पडलेली तसबीर घरंगळत रंगमंचाच्या कडेवरून खाली जाण्याचा धोका असतो. म्हणून गोल फ्रेम टाळा आणि रेवतीनं ती प्रेक्षकांकडच्या हातात धरून, हात खाली आल्यावरच सोडावी. खांद्याच्या उंचीवरून सोडलेली वस्तू कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

अशा एकसारख्या तीन तसबिरी करा. एक रेवतीकडे, एक विंगेतल्या टेबलावर, आणि एक कृत्तिकेच्या ओच्यात. पडलेली तसबीर नको तिथे गेलीच तर कृत्तिका जरा आडोशानं वाकते आणि ओच्यातली हातात घेऊन उठते. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. हे ऐन वेळी सुचत नाही, तालमीत दोनदा करून ठेवावं लागतं.

तसबिरीचा एक तक्ता रंगमंच व्यवस्थापकाकडे असावा: प्रवेश कोणता, ती कोण घेऊन येतं, उपरण्यात की हातात की पदराआड, कोणाच्या नजरेला पडते, शेवटी कोणाकडे उरते आणि कोणत्या विंगेनं बाहेर जाते. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात आणि घोटाळा तिथेच होतो. फाल्गुनराव तसबीर घेऊन डावीकडून आत जातो, पुढच्या प्रवेशाला ती उजवीकडे लागते आणि मधल्या अंधारात दोन माणसं एकमेकांना शोधत फिरतात. ती इकडून तिकडे नेण्याचं काम एकाच माणसाला द्या आणि त्याला दुसरं काम देऊ नका.

कृत्तिका तसबीर पाहते त्या वेळी ती छातीच्या उंचीवर, किंचित बाहेर कललेली हवी, म्हणजे प्रेक्षकालाही चेहरा ओळखता येतो. फाल्गुनरावाची एंट्री तिच्या पाठीमागून, वाक्य चालू असताना व्हावी. त्यानं तिच्या बोलण्याचा उत्तरार्धच ऐकायचा आहे. इथे नट वाक्य संपेपर्यंत विंगेत थांबतात आणि मग येतात. तसं केलं की त्यानं काय ऐकलं हा प्रश्न उरतो. दोन-तीन पावलं चालून तो थांबतो, तसबीर पाहतो, आणि बोलण्याआधी एक पूर्ण श्वास जाऊ देतो. त्या श्वासात हशा येतो. तो येत असताना बोललात तर पुढचं वाक्य बुडतं आणि त्याच्या पुढचाही हशा मरतो. उतरत्या हशावर बोलावं, संपूर्ण शांतता होईपर्यंत थांबू नये.

स्वगतांबद्दल थोडं परखडपणे लिहितो. हल्ली दिग्दर्शकांना स्वगताची लाज वाटते. ती गाळली जातात, नाहीतर रेकॉर्ड करून मनातला आवाज म्हणून वाजवली जातात. कृपा करून असं करू नका. या नाटकात स्वगत म्हणजे पात्रानं प्रेक्षकाला आपल्या बाजूनं ओढणं आहे. ते थेट पुढे पाहून आणि नेहमीच्या बोलण्यापेक्षा जलद बोलावं. बाजूच्या पात्रानं पुतळा होऊ नये. त्याला काहीतरी खरं काम द्यावं: उपरणं झटकणं, पान लावणं, कागद चाळणं. मात्र ते काम स्वगताच्या शेवटच्या शब्दाला संपायला हवं.

फाल्गुनरावाला विदूषक करू नका. ही भूमिका गंधर्व मंडळीतले नट गणपतराव बोडसांनी गाजवली आणि तेव्हापासून ती विनोदी नटाची कसोटी मानली जाते, पण विनोदी नट म्हणजे डोळे फिरवणारा नट नव्हे. फाल्गुनरावाला खरोखर त्रास होतो. बायको दुसऱ्या कुणाच्या नादी लागली असं त्याला मनापासून वाटतं. तो जितका कळवळून बोलेल तितका प्रेक्षक हसेल. कृत्तिकेलाही नुसती कर्कश करू नका. संशयात ती नवऱ्याच्या तोडीस तोड आहे, आणि तिनं तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तिचा आवाज चढण्याआधी एकदा तरी खाली गेला पाहिजे. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या, त्याचा प्रश्न वेगळा. त्याला प्रेक्षक लगेच आपलंसं करतो, आणि मग तो नट तिसऱ्या प्रयोगापासून पदरची वाक्यं घालू लागतो. आजच्या राजकारणावरच्या एका कोटीला टाळी मिळते खरी, पण त्यानंतर फाल्गुनराव त्याला जे खोदून खोदून विचारतो त्यातला ताण निघून जातो. दिग्दर्शकानं यावर पहिल्या दिवसापासून बंदी घालावी.

रेवती मघा नायकिणीच्या, म्हणजे नाचगाण्याचा पेशा असलेल्या बाईच्या, घरची आहे, हे काही संस्था संकोचापोटी पुसट करतात. ते पुसलं की तिच्या मनातली भीती कळत नाही. आश्विनशेठनं संशय घेतल्यावर ती इतकी का दुखावते, याचं उत्तर तिथेच आहे. नायकीण या व्यवसायाची टवाळी करणारं नटांचं नाचणं-मुरडणं मात्र जरूर काढा. ते संहितेत नाही, सवयीनं आलेलं आहे.

आता पदं. मूळची सगळी पदं आजच्या सत्रात मावत नाहीत. नाट्यगृह तीन-चार तासांसाठी मिळतं, त्यातच नेपथ्य लावणं आणि उतरवणं असतं. दहा ते बारा पदं ठेवावीत. एक पद सरासरी चार मिनिटं धरलं तरी पाऊण तास गेला. विस्तार करत आठ-आठ मिनिटं गायलं तर दीड तास, आणि मग कात्री गद्यावर चालते. कात्री चालते ती नेमकी ‘कोणाला काय दिसलं’ सांगणाऱ्या दोन ओळींवर, कारण त्या साध्या दिसतात.

पद ठेवायचं की गाळायचं, हे त्याच्या लोकप्रियतेवर ठरवू नका. ते पद चालू असताना कथानक थांबलेलं चालतं का, हे पाहा. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ दरबारी कानड्यातलं, आश्विनशेठ रेवतीच्या आठवणीत रमलेला. तिथे काळ थांबला तरी बिघडत नाही, उलट थांबावाच. गायकाला मोकळं सोडायची जागा ती. पण दोन माणसं एकमेकांवर आरोप करत असताना मधेच येणारं पद अस्ताई-अंतरा (पदाचे दोन मूळ भाग), फार तर दोन छोट्या ताना, एवढ्यावर आवरावं. रागानं लाल झालेला माणूस तीन मिनिटं आलापी करत राहिला की राग संपतो. वन्समोअरचा नियमही आधी ठरवा. पुढच्या पात्राची एंट्री पदाच्या शेवटच्या सुरावर असेल तर वन्समोअर घ्यायचा नाही, ऑर्गनवाल्यानं लगेच पुढचा सूर द्यायचा. हे कलावंतांवर सोडलं तर टाळ्यांपुढे कोणी नकार देत नाही.

साथीदारांना रंगीत तालमीलाच पहिल्यांदा बोलावू नका. पुरुष पात्र काळी एकमध्ये आणि स्त्री पात्र काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या वेगळ्या पट्टीत, गात असेल तर तबलजीला दोन वेगळे दायां (उजव्या हाताचा तबला) लागतात, आणि तसं लागोपाठ दोन पदांत होत असेल तर मधल्या संवादाची लांबी त्याला माहीत हवी. वातानुकूलित नाट्यगृहात कोरड्या हवेनं आणि दिव्यांच्या उष्णतेनं दायां चढतो, तर पावसाळ्यात पंख्यावर चालणाऱ्या सभागृहात तो उतरतो. ऑर्गनचा सूर हलत नाही, म्हणून वाद्यं प्रयोगाच्या तासभर आधी त्याच हवेत ठेवून मग लावावीत.

माईकचं एकच सांगतो, बाकी तुमचा ध्वनिसंयोजक जाणतो. भोवळीच्या प्रवेशात दोन कॉलर माईक एकमेकांना चिकटतात, फाल्गुनरावाचा आवाज दोन्हींतून जातो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. रेवती बेशुद्ध आहे, तेव्हा तिचा माईक तेवढा वेळ बंद ठेवावा आणि ती सावरताना, पहिल्या शब्दाआधी, चालू करावा. ही खूण ध्वनीच्या संहितेत लाल शाईनं लिहा. उपरण्याची घासण टाळायला पुरुषांचे माईक छातीऐवजी पगडीच्या कडेला कपाळाजवळ लावता येतात.

परवानग्यांचं काम लहान आहे, पण उशिरा केलं तर अडतं. देवल १९१६मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या मूळ संहितेवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. मात्र अलीकडच्या कुणी संपादित केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी तयार केलेली संहिता, वापरणार असाल तर त्या संपादकाची लेखी परवानगी घ्या. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवताना छापील पुस्तक जसंच्या तसं न पाठवता तुम्ही जी काटछाट करून करणार आहात तीच पाठवा.

तालमींसाठी अडीच महिने असतील तर आमची विनंती अशी. पहिले तीन आठवडे पूर्ण नाटक गद्य म्हणून बसवा. पदाच्या जागी नट फक्त पदाचा अर्थ दोन वाक्यांत बोलेल. दुसऱ्या आठवड्यापासून खरी तसबीर हातात द्या आणि खिडकीच्या जागी टेबल ठेवून त्यावर कृत्तिकेला उभं करा. या तीन आठवड्यांच्या शेवटी नाटक न पाहिलेल्या चार-पाच जणांना बोलावून गद्य तालीम दाखवा आणि नंतर एवढंच विचारा की कृत्तिकेनं काय पाहिलं, फाल्गुनरावानं काय पाहिलं, तसबीर आता कोणाकडे आहे. तिन्हींची उत्तरं बरोबर आली तर पेटी-तबला बोलवा. एकही चुकलं तर तो प्रवेश पुन्हा घ्या, पदांची तालीम आठवडाभर पुढे गेली तरी चालेल. गाणाऱ्यांनी घरी रियाज करावा, तो तसाही ते करतातच.

पात्रनिवड करतानाही हीच कसोटी लावा. आश्विनशेठच्या जागेसाठी दोघे आले, एकाचा गळा उत्तम पण समोरच्याचं वाक्य तो ऐकतच नाही, आणि दुसरा सुरात आहे, तान जेमतेम, पण ऐकताना त्याचा चेहरा बदलतो. अशा वेळी दुसऱ्याला घ्या. त्याची दोन पदं कमी करा.

तुमच्या पुढच्या बैठकीत कलावंतांची यादी करण्याआधी प्रॉपर्टी, म्हणजे हातात घ्यायच्या वस्तू, कोण सांभाळणार, हे नाव ठरवा, आणि त्या व्यक्तीला पहिल्या वाचनापासून बोलवा.

आपले,
संगीत नाटकांच्या प्रयोगांत पडद्यामागे आणि साथीला काम करणारे आम्ही काही जण